दोनदा फिरवलेली रेघ

ट्राममध्ये चढल्यावर सेत्सुएने तोल सावरायला वरची कडी धरली, मान वर गेली, आणि तिची स्वतःची रेघ तिच्या डोळ्यांसमोर लटकताना दिसली. गाडीत जाहिरातींचे कागद नेहमीच टांगलेले असतात, सर्दीच्या औषधांचे, गरम पाण्याच्या कुंडांचे. तिकडे कोण बघतं. पण हा कागद जवळजवळ कोरा होता. एका अक्षरातली एकच उभी रेघ त्यावर मोठी करून छापली होती, तळाच्या वळलेल्या आकड्यासकट, आणि कोपऱ्यात बारीक टाइपात ‘हिमुरो तेइसेत्सु जन्मशताब्दी प्रदर्शन, उत्तरपर्व’. रेघेशेजारी एक ओळ होती, ‘मागे वळून पाहणारा कुंचला’. मोठी केल्यामुळे, जे आजवर दहा-बारा जणांना दिसलं असेल ते आता सबंध गाडीला दिसत होतं. रेघ अर्ध्यावर येते, शाई संपते, कुंचला अडखळतो, मग मागे जातो आणि त्याच वाटेने पुन्हा खाली उतरतो. पहिल्या रेघेची कोरडी कड दुसरीच्या ओल्या काठाबाहेर केसाएवढी डोकावते. त्या कागदाखाली मास्क लावलेली एक बाई खुशाल डुलक्या घेत होती. सेत्सुएला आधी लाज वाटली. सत्तावीस वर्षांपूर्वीची चूक कुणीतरी धुवून भर चौकात वाळत घातली होती. मग ती खालची ओळ तिने पुन्हा वाचली आणि लाजेच्या जागी राग आला. राग आल्यावर तिला बरं वाटलं. एकाहत्तराव्या वर्षी अंगात एवढी ऊब दुसऱ्या कशाने येत नाही. तोयामाच्या पुलावरून गाडी वळली, पलीकडे डोंगरांवर पहिलं बर्फ पडलेलं दिसलं, सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या, आणि ती मात्र त्या कागदाकडेच बघत राहिली.

एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा कुंचला फिरवायचा नाही, हा नियम इतका पहिला आहे की तो कुणी शिकवत नाही. हातावर फटका बसतो आणि कळतो. वाकडी गेली तर वाकडी राहू द्यायची. कागद बाजूला ठेवायचा, नवा घ्यायचा. सेत्सुएला तो फटका एकोणिसाव्या वर्षी बसला होता, हिमुरोंच्या घरातल्या मागच्या खोलीत, ओल्या लोकरीच्या सतरंजीवर गुडघे टेकून. गुरुजी तेव्हा अठ्ठेचाळीसचे होते, आवाज चढवत नसत. “बोललेला शब्द गिळता येतो का?” एवढंच म्हणाले होते. मग तिच्या मागे येऊन बसले आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. “हात सैल सोड. तू लिहीत नाहीस, मी लिहितोय.” त्यांच्या बाहीला कापराचा वास होता. कुंचला कागदावरून गेला तेव्हा ती रेघ तिच्या खांद्यातून निघून पोटात उतरली आणि कितीतरी वेळ तिथेच थरथरत राहिली. त्या एका रेघेसाठी ती मग सतरा वर्षं त्या घरी गेली, शाईच्या कांड्या उगाळल्या, कुंचले धुतले, छोट्या तादाहिसाला शाळेत पोचवलं, लग्नाची दोन स्थळं परत पाठवली. पाचव्या वर्षी गुरुजींनी आपल्या नावातलं ‘सेत्सु’, बर्फाचं अक्षर, काढून तिला दिलं. तेइसेत्सुंची सेत्सुए. त्या दिवशी आईने घरी सणाचा लाल घेवड्याचा भात केला होता. मुलीला सासरचं नाव मिळालं नाही, निदान हे तरी मिळालं, असं ती शेजारणीला म्हणाली.

मंगळवारचा वर्ग वॉर्डाच्या सभागृहात भरतो. सात-आठ निवृत्त माणसं, दोन विधवा, आणि उशिजिमा, जे चाळीस वर्षं याच शहरात ट्राम चालवून आता कुंचला चालवायला शिकत होते. सेत्सुए शेंदरी शाईची वाटी घेऊन रांगेतून हिंडत होती. विद्यार्थ्याच्या काळ्या अक्षरावर बाईंनी शेंदरी रेघेने खरी वाट दाखवायची, ही पद्धत.

“उशिजिमासाहेब, ही आडवी रेघ दोनदा फिरवलीत.”

“जरा बारीक वाटली, बाई. म्हटलं थोडी पोसावी.”

“कोंबडी आहे का पोसायला?”

वर्ग हसला. उशिजिमाही हसले. “चाळीस वर्षं गाडी पुढेच नेली. मागे जायची हौस आता भागवतोय.” मग कुंचला खाली ठेवून ते म्हणाले, “पण एक विचारू? ट्राममध्ये तुमच्या गुरुजींची रेघ लावलीय बघा. मी निरखून बघितली. तीही दोनदाच फिरवलेली आहे. म्हणजे थोरांनी केलं तर कला, आणि उशिजिमाने केलं तर कोंबडी.”

सेत्सुएने शेंदरी कुंचला बुडवला आणि त्यांच्या आडव्या रेघेवरून असा ओढला की कागद टरकन फाटला आणि शेंदूर खालच्या सतरंजीत उतरला.

“ती चूक आहे,” ती म्हणाली.

“गुरुजींची?”

“चूक आहे. पुन्हा लिहा.”

उशिजिमांनी मुकाट्याने नवा कागद घेतला. मागे विधवांपैकी एक दुसरीला म्हणाली, “बाईंचं आज काहीतरी बिनसलंय.” दुसरी म्हणाली, “शताब्दी आहे ना. आठवण येत असेल.” सेत्सुएला ते ऐकू आलं आणि तिला त्या दोघींना गदागदा हलवावंसं वाटलं. आठवण. लोक आठवण हा शब्द असा वापरतात की जणू ती गरम पाण्याची पिशवी आहे, पोटावर ठेवली की झोप लागते.

आठवण होती, पण ती हातात होती. ज्या हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने गावातली छपरं बसली, त्या हिवाळ्यात गुरुजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दोन महिन्यांनी काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “सेत्सुए, एवढी एक दुकानाची पाटी लिहून दे ग. औषधवाले उद्या न्यायला येताहेत. यांना बरं वाटलं की पुढचं हेच लिहितील.” शेजारच्या खोलीत गुरुजी जागे होते आणि ऐकत होते. मग उशीला टेकून उठून बसले, म्हणाले, मी धरतो, तू फक्त आधार दे. त्यांच्या लुळ्या बोटांत कुंचला बसवून तिने त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. तू लिहीत नाहीस, मी लिहितोय, हे तिने म्हटलं नाही, पण दोघांनाही ते ऐकू आलं असणार, कारण गुरुजींचे डोळे भरून आले. तशा दोन हातांनी चार-पाच कागद झाले. उन्हाळ्यात त्यांनी हात काढून घेतला आणि नुसते बसून बघू लागले. पाटी टांगली गेली. पेपरात कुणीतरी लिहिलं की आजारातून उठलेल्या तेइसेत्सुंच्या हाताला नवीनच एक वारा लागला आहे. तिने तो कागद कापून ठेवला. खरं सांगायचं तर तिला फार आनंद झाला होता, आणि आज संताप येतो तो त्या आनंदाचाच. तोक्योच्या मोठ्या प्रदर्शनात गर्दीच्या मागे उभं राहून, लोकांचा श्वास आपल्या रेघेसमोर अडकताना तिने ऐकला होता. चोरी करणाऱ्याला सोन्याचं सुख असतं. तिला चोरी होऊ देण्याचं सुख होतं. चौदा वर्षं. काकू शाई उगाळायच्या, ती लिहायची, गुरुजी डाव्या हाताने शिक्का मारायचे, आणि संध्याकाळी तिघं मिळून मुळ्याचं गरम गरम आंबील खायची. घरच होतं ते. लबाडी चालते ती अशाच उबेत चालते.

स्वतःच्या नावाने ती दरवर्षी प्रांताच्या प्रदर्शनात एक कागद पाठवी, आणि दरवर्षी तो परत येई. सत्तावीस वर्षांपूर्वी, नवीन सम्राटाच्या पहिल्याच डिसेंबरात, कागदासोबत परीक्षकांचा शेराही आला. ‘हाताला कसब आहे. पण गुरूंच्या उत्तरशैलीच्या सावलीतून बाहेर यावे. स्वतःचा हात शोधावा.’ मुख्य परीक्षक गुरुजी होते. शेरा टाइप केलेला होता, पण ‘हात शोधावा’ हे त्यांचंच बोलणं. सतरंजीवर बसून तिने ते शंभरदा ऐकलं होतं. ती कागद घेऊन तडक त्यांच्यासमोर जाऊन बसली. त्यांनी नाकारलं नाही. “तुला बक्षीस दिलं तर लोक दोन कागद शेजारी ठेवून बघतील,” ते म्हणाले. “मग तुझं काय राहील आणि माझं काय राहील? थांब थोडी. माझ्यानंतर सगळं तुझंच आहे.” आणि मग, एखादी छान कल्पना सुचल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. “हेच लिही. ‘थांब’. मोठ्या कागदावर, एकच अक्षर. नवीन वर्षाच्या प्रदर्शनाला पाठवू.” चेष्टा करत नव्हते, हेच वाईट. चेष्टा केली असती तर ती उठून गेली असती. त्यांना खरंच ते सुंदर वाटलं होतं.

त्या अक्षरात डावीकडे अर्धा रस्ता आहे आणि उजवीकडे देऊळ. अर्ध्या रस्त्यावर देवळाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे थांबायचं. तिने डावा भाग लिहिला, देवळाची आडवी लाकडं लिहिली, आणि कानशिलं तापलेली असताना शेवटच्या उभ्या रेघेवर आली, जिच्या तळाशी आकडा असतो. अर्ध्यावर शाई संपली. आणि तिचा हात, पंचवीस वर्षं शिकलेला हात, शाळकरी पोरासारखा मागे गेला आणि वरून फिरला. काकूंची उगाळती कांडी थांबली. कोपऱ्यात तादाहिसा बसला होता, तेव्हा एकतीसचा, त्यालाही दिसलं. तिने मान खाली घातली आणि वाट बघितली. आता ते म्हणतील, पुन्हा लिही. आता म्हणतील. हातावर फटका बसला असता तरी तिने तो पदरात घेतला असता. गुरुजी बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, “तादा, शिक्का आण.”

त्या क्षणी तिचे गुरू गेले. त्यानंतर सहा वर्षांनी जे गेले ते नुसते हिमुरो होते. त्यांच्या नावाचा न्यास तादाहिसाकडे गेला, त्यांचे कागद न्यासाकडे गेले, आणि तिच्याकडे तडा गेलेला शाईचा दगड आला आणि मंगळवारचा वर्ग. पुढे तिने एकदा स्वतःचं प्रदर्शन भरवलं. गावातल्या पेपराने लिहिलं, ‘तेइसेत्सुंचा निष्ठावंत प्रतिध्वनी’. आवाज तिचा, आणि प्रतिध्वनीही तीच. आता बोलून कुणाला पटणार होतं? आणि पटलं असतं तर ती खोट्या सह्या करणारी ठरली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंड दाबणारा हातही आपलाच.

वर्ग संपल्यावर तिने नदीकाठच्या बाकावर बसून बांबूच्या पानात बांधलेला ट्राउट माशाचा भात खाल्ला. चव लागली नाही, पण टाकलाही नाही. दोन वाजता तिला हिमुरोंकडे जायचं होतं. दोन आठवड्यांपूर्वी तादाहिसाचा फोन आला होता, ‘थांब’ची नवी पेटी करून आली आहे, झाकणावर तेवढं लिहून द्याल ना, आता तुमच्याशिवाय कोण आहे. किरीच्या हलक्या लाकडाची पेटी, आत गुंडाळलेलं अक्षर, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जिवंत असलेल्या शिष्याचं लिखाण. कामाचं नाव, ऋतू, आपलं नाव, आणि शेवटी एक अक्षर. गुरूचं काम असेल तर ते अक्षर ‘ओळखलं’ असं असतं. सेत्सुएने ओळखलं, म्हणजे हे अस्सल. स्वतःच्या कामाची पेटी असेल तर तिथे ‘लिहिलं’ येतं. एवढाच फरक. तिने हो म्हटलं होतं. आजवर अशा अकरा पेट्यांवर तिने ‘ओळखलं’ लिहिलं होतं, आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, ओळखलं नाही तर काय, आईला पोर ओळखू येणार नाही का. तो विनोद ती स्वतःलाच सांगत असे आणि स्वतःच हसत असे. आज या बाराव्या पेटीवर लिहिलं की ती चूकसुद्धा त्यांची होणार होती. बाकी सगळं नेलं होतं. चूक तेवढी अजून तिची होती.

हिमुरोंच्या दिवाणखान्यात अक्षर भिंतीवर टांगलं होतं आणि त्याच्यासमोर संग्रहालयाचा कुनिएदा नावाचा तरुण अभ्यासक हात मागे बांधून उभा होता. ट्राममधली ती ओळ त्याचीच. तादाहिसा आता अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता, पोट सुटलं होतं, पण तिला बघून तो अजूनही शाळेच्या फाटकातल्यासारखा चटकन उठला.

“सेत्सुएताई, बसा. आधी चहा घ्या.”

“आधी काम.”

“बाई, या रेघेबद्दल तुमच्याशी बोलायचंच होतं मला,” कुनिएदा म्हणाला. “नियम मोडायचं हे धाडस माणसात त्र्याहत्तराव्या वर्षी येतं. ही चूक नाही, हा निर्णय आहे, असं मी पुस्तिकेत लिहिलंय.”

“तुम्ही कुंचला धरलाय कधी?”

“शाळेत होता विषय.”

“शाळेत वरून फिरवलं तर बाई काय करायच्या?”

“शेंदरी फुली मारायच्या,” तो हसून म्हणाला. “पण तेइसेत्सुंना फुली कोण मारणार?”

“तेच तर,” सेत्सुए म्हणाली. “कुणीच मारली नाही.”

तिने पिशवीतून तो तडकलेला दगड काढला, थेंबभर पाणी टाकलं आणि कांडी उगाळायला घेतली. शाई आजाऱ्याच्या हाताने उगाळावी, जोर लावू नये, असं म्हणतात. पण आज कांडी दगडावर खरखरत होती. तादाहिसाने एकदा घड्याळ बघितलं. उगाळता उगाळता तिला वाटलं होतं की दर वेळेसारखा राग निवेल, हात शहाण्यासारखा नेहमीची अक्षरं लिहील, मग चहा, मग घरी जायचं. शाई दाट झाली, चकाकली, तिला पाइनच्या धुराचा वास आला, पण राग होता तिथेच होता. तिने झाकण उलटं करून पुढ्यात घेतलं. कुंचला बुडवला, काठावर टेकवला, पुन्हा बुडवला. या वेळी पुरेसा बुडवला. ‘थांब’ लिहिलं. हेमंत लिहिलं. सेत्सुए लिहिलं. आणि मग न थांबता शेवटचं अक्षर, वरपासून खालपर्यंत.

तादाहिसा वाकून वाचू लागला. वाचून झाल्यावरही वाकलेलाच राहिला.

“ताई, शेवटचं अक्षर चुकलंय.”

“नाही चुकलं.”

“‘ओळखलं’ पाहिजे. तुम्ही ‘लिहिलं’ लिहिलंय.”

“हो.”

“थकला असाल. हरकत नाही.” त्याचा आवाज बारीक झाला होता, कुनिएदाला ऐकू जाऊ नये असा. “शाई ओली आहे तोवर वरून जरा फिरवा. दोन रेघा वाढवल्या की जमून जाईल.”

सेत्सुएने त्याच्याकडे बघितलं. याच्या बुटाच्या नाड्या तिने बांधल्या होत्या. “वरून फिरवत नाहीत, तादा,” ती म्हणाली. “तुला तर माहीत आहे. त्या दिवशी शिक्का कोणी आणला होता?”

तो सरळ उभा राहिला. मग म्हणाला, “शुक्रवारी उद्घाटन आहे. बाबांचं नाव जाईल. आणि तुमचं काय राहील? लोक म्हणतील, चौदा वर्षं खोटं लिहिलं.”

“म्हणू देत. खोटंच लिहिलं. पण मी लिहिलं.”

“झाकणावर रंधा मारून घेता येईल.”

“मार. मग पुन्हा माझ्याकडे आण. पुन्हा हेच लिहीन. दुसऱ्या कुणाकडे नेलंस तर त्याला विचारतील, सेत्सुए जिवंत असताना तू का लिहिलंस.”

कुनिएदा केव्हा जवळ आला ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्याने विचारून झाकण उचललं आणि भिंतीवरच्या अक्षरापाशी नेलं. झाकणावरच्या उभ्या रेघेकडे बघितलं, मग भिंतीवरच्या, मग पुन्हा झाकणावरच्या. तादाहिसा म्हणाला, “कुनिएदासाहेब, जरा गैरसमज झालाय, वयामुळे,” पण कुनिएदाने मान वळवली नाही. त्याचा कान हळूहळू लाल होत गेला. चारशे पुस्तिका छापून आल्या होत्या, गाड्यांत कागद टांगले होते. सेत्सुए दगड पुसत होती. तो आता हसेल किंवा चिडेल, असं तिला वाटलं, आणि दोन्हीला द्यायला तिच्याकडे उत्तर तयार होतं.

“बाई,” त्याने झाकण हातात तसंच धरून विचारलं, “शाई का संपली होती?”

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींनीसुद्धा नाही. तिचे हात थांबले.

“राग आला होता,” ती म्हणाली. “कुंचला नीट बुडवलाच नाही.”